बाजेखालचा तांब्या

मी एक जुनी बाज आहे, मित्रांनो, आणि आज सकाळपासून अंगणात उलटी पडले आहे. चारी पाय आभाळाकडे. घरात माणूस गेलं की बाज अशी बाहेर काढून उलटी टाकायची, ही आमच्या वस्तीची जुनी रीत. येणारे-जाणारे माझ्याकडे पाहतात आणि चटकन नजर वळवतात. त्याचं मला काही वाटत नाही, कारण या घरात मी अशी बऱ्याचदा उलटी पडले आहे. पण आजच्यासारखी हबकून गेले नव्हते. अजून माझा जीव थाऱ्यावर नाही. काय झालं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवणार नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

माझा जन्म शेवगावपासून चार कोसांवरच्या याच वस्तीत झाला. कारभारी नावाच्या शेतकऱ्याने बांधावरची बाभूळ तोडली आणि सुताराकडून माझे पाय नि दांडे करून घेतले. सुंभ मात्र त्याने स्वतः विणला. बाज विणावी तर कारभाऱ्यानेच, असं लोक म्हणत. चिंचोका टाकला तर टणकन वर उडेल, इतका सुंभ कसलेला होता. त्या कसलेपणामुळे घरात कुणालाच न कळणारी एक गोष्ट मला कळायची. माझ्यावर कुणी निजलं, की त्याच्या काळजाचा ठोका माझ्या दोरीदोरीत उमटायचा. कोण खरंच झोपलंय आणि कोण कामाच्या कंटाळ्याने डोळे मिटून पडलंय, हे मी तेव्हाच ओळखायचे.

माझा रुबाब काही कमी नव्हता बरं का. पाहुणा आला की आधी मला झटकून ओसरीवर टाकायचे. बाळंतिणीला माझ्यावर निजवून खाली निखाऱ्यांची शेगडी ठेवायचे, तिच्यात ओवा टाकून शेक द्यायचे. कुणी फार आजारी पडलं की माझ्या दोन बाजूंना दोन बांबू बांधायचे आणि चार माणसं मला खांद्यावर घेऊन शेवगावची वाट धरायची. आज हाक मारली की गाडी दारात येते. तेव्हा ती गाडी म्हणजे मीच होते.

पण शेवगावला न्यायची वेळ अगदी शेवटी यायची. तोवर सगळा भार विष्णुपंत मास्तरांवर. मास्तर शाळा चालवत आणि औषधांची एक लाकडी पेटी बाळगून असत. सहाणेवर मात्रा उगाळून देत, काढा सांगत, नाडी पाहत. माणूस सज्जन. कुणाकडून कधी सुपारीचं खांडही घेतलं नाही. पण त्या काळी सगळ्यांचीच एक समजूत होती आणि मास्तरांचीही तीच होती. ढाळ-वांत्या लागलेल्या माणसाला पाणी पाजायचं नाही. पाणी पाजलं की ढाळ वाढतात म्हणे!

आणि दुसरी समजूत अशी, की बाजेवर जीव जाता कामा नये. बाजेवर गेलेला माणूस धड जमिनीवर ना आभाळात, मध्येच लोंबकळत राहतो. म्हणून शेवट जवळ आला असं वाटलं, की जमीन शेणाने सारवून माणसाला खाली घ्यायचं आणि तुळशीचं पान ठेवून तोंडात पळीभर पाणी घालायचं.

मित्रांनो, या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहा. आजारी माणूस पाणी मागतो तेव्हा द्यायचं नाही. तो मागायचा थांबला, की मग द्यायचं. आता सांगताना माझ्या सुंभावर काटा येतो, पण तेव्हा कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. मलाही नाही.

माझ्या दुसऱ्या वर्षी गावात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली. कारभाऱ्याची लेक कौसा नुकतंच लग्न होऊन पहिल्या सणाला माहेरी आली होती. असेल पंधरा वर्षांची. तिला ढाळ लागले आणि मला ओसरीवर टाकलं गेलं. दिवसभर ती एकच मागणं मागत होती.

"आई, वाईच पानी दे गं. घोटभर."

तिची आई साळूबाई पदराने तिचे ओठ पुसायची. "मास्तर नको म्हनलेत, बाई. ढाळ थांबू दे, मग तांब्याभर देते."

दुपार कलली तशी कौसा मागायची थांबली. मास्तरांनी नाडी पाहिली. पुन्हा पाहिली. म्हणाले, "कारभारी, नाडी लागत नाही."

"खाली घ्या," कारभारी म्हणाला. "बाजंवर जीव जाया नको."

दोघांनी तिला उचललं. अगदी त्या क्षणी माझ्या मधल्या दोरीत बारीकसं काही हललं. ठक. मी तेव्हा नवी होते आणि नवा सुंभ कुरकुरतोच. मला वाटलं, तेच असेल. साळूबाईने लेकीच्या तोंडात पळीभर पाणी घातलं. गावात त्या आठवड्यात तिघं गेले होते, लोक घाबरलेले होते, सरपण आधीच रचून ठेवलेलं होतं. तासाभरात तिला नेलंसुद्धा. मी अंगणात उलटी पडले.

त्यानंतर चार वर्षांनी कारभाऱ्याची सून बनुबाई माझ्यावर पडली. सहादेवची बायको, विशीतली, अंगावर चार महिन्यांचं लेकरू. तेच ढाळ, तीच वांती आणि तेच "पानी द्या". मास्तर पुन्हा नको म्हणाले. सहादेव मात्र बापाचं न ऐकता बांबू घेऊन आला. शेवगावला न्यायचं म्हणून तो ते माझ्या दांड्यांना बांधत होता, तेवढ्यात बनुबाईची मान कलली. मास्तरांनी मनगट धरलं आणि खाली ठेवलं. सहादेवच्या हातातली दोरी तशीच राहिली.

"खाली घ्या," कारभारी म्हणाला.

तिला उचलताना मधल्या दोरीत पुन्हा ठक झालं. आता मात्र माझा सुंभ जुना झाला होता, कुरकुरायचं त्याने कधीच सोडलं होतं. मग हे काय? मला ओरडावंसं वाटलं, पण बाजेला तोंड कुठून आणू? मला बांबूंसकट बाहेर काढून उलटं टाकलं. बायांनी अंघोळीचं पाणी तापायला ठेवलं. सवाष्ण म्हणून तिला घालायला कुणी हिरव्या बांगड्या आणल्या, कुणी हळदकुंकू. लेकरू टाहो फोडत होतं आणि शेजारीण त्याला घेऊन अंगणात फेऱ्या मारत होती.

साळूबाई तांब्या घेऊन सुनेजवळ बसली. तिने तोंडात पळीभर पाणी घातलं आणि तिचा हात तसाच राहिला.

"गिळलं," ती म्हणाली. "हिनं पानी गिळलं."

"येड्यागत करू नको," कारभारी म्हणाला. "आत गेलं आसंल आपसूक."

साळूबाईने दुसरी पळी घातली. उघड्या दारातून मलाही दिसलं, बनुबाईचा गळा हलला. एक बाई किंचाळली आणि मग सगळ्याच एकमेकींना ढकलत बाहेर पळाल्या. मास्तर होते तिथेच मटकन खाली बसले. सहादेवला तर हसावं की रडावं कळेना, तो नुसता "आगं, आगं" करत राहिला.

साळूबाई मात्र सुनेकडे पाहतच नव्हती. ती नवऱ्याकडे पाहत होती. तिचा चेहरा असा पांढराफटक पडला होता, की मला वाटलं आता हीच जाते.

"मंग माझ्या कौसानं बी गिळलं हुतं," ती म्हणाली. "तिच्या तोंडातलं पानी भाईर आलंच न्हवतं. म्या पाह्यलं हुतं. तवा मला कळलं न्हाई."

कारभारी भिंतीला टेकला.

मग साळूबाई बाहेर आली. तिने एकटीने मला उचलून सरळ केलं. "घ्या तिला बाजंवर," ती म्हणाली. माणसं जागची हलेनात. एक म्हातारा पुटपुटला, "एकदा खाली घेतलेलं मानूस परत वर घेत न्हाईत." त्यावर विष्णुपंत मास्तर उठले. सोवळ्याओवळ्याला जपणारा तो माणूस, पण पुढे झाला आणि म्हणाला, "एक खांदा माझा. चला, सहादेव." मग आणखी दोघे खांदा द्यायला पुढे आले.

चार कोस साळूबाई माझ्याशेजारून चालत राहिली आणि कुणाचंही न ऐकता पळी-पळीने सुनेला पाणी पाजत राहिली. पाणी पाजायला दर पाचपन्नास पावलांवर मला थांबवावं लागे. माझ्या दोरीतला ठोका आधी हरवत-सापडत होता, ओढा ओलांडला तसा जरा स्थिर झाला. शेवगावच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि म्हणाले, "वाटेत पाणी पाजलंत म्हणून वाचली. सकाळपासून का नाही पाजलं?" मास्तरांनी मान खाली घातली. त्यांनी नंतर ती औषधांची पेटी कधी उघडली नाही. मात्र शाळेत येणाऱ्या प्रत्येक वर्गाकडून ते एकच वाक्य घोकून घेत, की ढाळ लागले तर पाणी पाजायचं.

बनुबाई घरी आली, पोरं झाली, गोफणीने पाखरं राखली, संसार मांडला. आणि त्या दिवसापासून माझ्याखाली भरलेला तांब्या आला. साळूबाई तो कधी रिकामा राहू देत नसे. दुपारी ती माझ्यावर पडायची, आजूबाजूला कुणी नसलं की सुंभावरून हात फिरवायची आणि हळूच विचारायची, "तुझ्यावरच हुती ना गं ती. कौसा जिती हुती का?"

मी काय सांगणार? मलाच ठाऊक नव्हतं. तुम्ही म्हणाल, दोरीतलं ते ठक तुला कळलं होतं ना? हो. पण माझ्यावर मेलेलं माणूस मी कधी अनुभवलंच नव्हतं. प्रत्येकाला आधीच खाली घेत. मेल्यावरही दोरीत असं काही थोडा वेळ हलत असेल, कोण जाणे, अशी मी माझीच समजूत घालत राहिले. कारभारी गेला, त्यालाही आधीच खाली घेतलं. साळूबाईलाही. ती शेवटपर्यंत विचारत राहिली. पुढे सहादेवही गेला.

मग लोखंडी पलंग आले, सोफे आले. मला गोठ्याकडेला टाकलं, माझ्यावर कांद्याच्या गोण्या रचल्या. माझी फार आबाळ झाली, पण बनुबाईने माझा सुंभ काढू दिला नाही. नातवंडं नायलॉनची पट्टी आणायची म्हणाली, तर ती म्हणाली, "ती टोचती मला. सुंभच आना." तांब्या तिनेही चालू ठेवला.

गेल्या महिन्यात बनुबाईंचं काळीज थकलं. वय ऐंशीच्या घरात. मोठ्या दवाखान्यातून घरी पाठवलं. त्यांची नात संस्कृती नगरला नर्स आहे, ती रजा काढून आली. बनुबाई म्हणाल्या, "मला माझी बाज द्या. आन् खाली घ्यायची घाई करू नका. म्या एकदा खाली जाऊन आलेय." ऐकणारे हसले. संस्कृती हसली नाही, तिने आजीचा हात धरून ठेवला.

आज सकाळी भावकी जमली. संस्कृतीचे वडील, म्हणजे तेच चार महिन्यांचं लेकरू, हात चोळत म्हणाले, "संस्कृती, आता आजीला खाली घिऊ. बाजंवर जीव गेला तर लोकं नावं ठेवत्याल."

"पप्पा, नाडी चालू आहे," ती म्हणाली. "आणि आजीनं सांगितलंय."

"आगं पर रीत हाय ती."

"त्या रीतीनं तुमची आई गेली असती, पप्पा. तुम्हाला कुणी पाजलं असतं?"

ते मागे सरले. संस्कृतीने माझ्याखालचा तांब्या घेतला आणि आजीला पळीभर पाणी पाजलं. बनुबाईंनी ते गिळलं. माझ्या दोरीत ठक. बराच वेळ काही नाही. पुन्हा ठक. मी वाट पाहू लागले. सगळेच वाट पाहत होते.

पुढचा ठोका आला नाही.

संस्कृतीने मनगट सोडलं नाही. छातीला नळी लावून ऐकलं, पुन्हा मनगट धरलं, बराच वेळ धरलं. साठ-पासष्ट वर्षांत पहिल्यांदा माझ्यावर मेलेलं माणूस होतं, आणि माझ्या एवढ्या दोऱ्यांपैकी एकीतही काही हललं नाही. बारीकसंसुद्धा नाही. मग ती म्हणाली, "आता घ्या." त्यांनी बनुबाईंना उचललं, तेव्हाही काही हललं नाही.

तेव्हापासून मी अशी हबकून पडले आहे. मेल्यावर दोरीत काही हलत नाही, मित्रांनो. कौसाला उचललं तेव्हा हललं होतं.

आता माझं सरपण करा की मला सरळ करा, तुमची मर्जी. माझं एवढंच मागणं आहे, की कुणी पाणी मागितलं तर ते मागतंय तोवर द्या, आणि कुणाला खाली घेण्याआधी त्याचं मनगट थोडा जास्त वेळ धरा. साळूबाई मला एकच विचारत होती आणि मी मुकी राहिले. आज माझ्याजवळ उत्तर आहे. व्हय, साळूबाई, तुझी कौसा जिती हुती. पण हे ऐकायला आता ती नाही, आणि मला वाटतं, ते बरंच झालं.