मी काकूंचं नाक होतो

मी गॅसचा अलार्म बोलतोय. ओरडायचं तेव्हा गप्प बसला आणि आता कशाला बोलतोय, असं तुम्ही म्हणाल. बरोबरच आहे. तरी ऐका.

मी तळहाताएवढा पांढरा डबा. हवेत गॅस मिसळला की किंचाळायचं, एवढंच माझं काम. मला काकांनी विकत आणलं. काका निवृत्त बसड्रायव्हर. जन्मभर परक्यांना फिरवलं, आता बायकोला फिरवायचं म्हणून त्यांनी जुन्या व्हॅनमध्ये पलंग, ओटा, शेगडी असा संसार थाटला होता. काकूंना एका आजारपणानंतर वास येणं बंद झालं होतं. दूध करपलं तरी धूर दिसेपर्यंत पत्ता नसायचा.

"हे तुझं नाक," काका मला त्यांच्या हातात देत म्हणाले.

"माझ्यापेक्षा चपटं आहे," काकू हसल्या.

गॅस जोडायला आलेला फिटर मोजकं बोलणारा. "टाकीतला हा गॅस, प्रोपेन, हवेपेक्षा जड. गळला की पाण्यासारखा खाली साचतो. अलार्म जमिनीपासून वीतभर उंचीवर लावा. टाकी ह्या कप्प्यातच, उभी, पट्ट्याने आवळून. कप्प्याच्या तळाचं भोक बाहेर उघडतं, ते बुजवू नका."

"हो, हो," काका म्हणाले. फिटर गेल्यावर त्यांनी मला छताजवळ दिव्याशेजारी बसवलं. "खाली लाथा बसतील त्याला. दिसतंही वाईट."

खरं सांगू? मला आनंद झाला. फिटरचं बोलणं मीही ऐकलं होतं. पण वरून सगळं दिसायचं, पत्ते खेळताना काकूंचं काकांच्या पानांत डोकावणंसुद्धा. माझा हिरवा दिवा पाहून काकू निर्धास्त झोपायच्या. मी भाव खात होतो.

पुढे घडीच्या खुर्च्या ठेवायला जागा हवी झाली. काकांनी टाकी कप्प्यातून काढली, लांब नळी जोडली आणि टाकी पलंगाखाली आडवी सारली. "दोन दिवसांचा तर प्रश्न आहे." दोनाचे वीस झाले.

एकदा खडबडीत रस्त्यावरून दिवसभर प्रवास झाला. टाकी गडगडली, नळीचा सांधा ढिला झाला. सकाळी काका पाणी आणायला गेले. थंडीमुळे खिडक्या बंद होत्या. काकूंनी किटली ठेवली, लायटर हातात घेतला आणि सवयीने माझ्याकडे पाहिलं. मी हिरवा. गॅस तेव्हा त्यांच्या पोटऱ्यांपर्यंत साचला होता.

तेवढ्यात काकांनी दार उघडलं आणि त्यांना गॅसचा वास आला.

"अगं, थांब! काही पेटवू नकोस! बाहेर ये आधी!"

काकांनी त्यांना मनगटाला धरून ओढलं. एक चप्पल आतच राहिली. दोघं दूर जाऊन उभी राहिली.

"मी बघितलं होतं हो त्याच्याकडे," काकू हळूच म्हणाल्या. "हिरवा होता."

"त्याचं काय चुकलं? मीच शहाणा," काका म्हणाले.

त्यांनी मला माफ केलं, पण मला सगळं ठाऊक होतं. ते शब्द आजही मला पोखरतात.

फिटर आला. रागावलासुद्धा नाही. खुर्च्या बाहेर काढल्या, टाकी कप्प्यात उभी करून आवळली, नळी बदलली, प्रत्येक सांध्याला साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का पाहिलं. मग मला उतरवून खाली बसवलं. वरची स्क्रूची भोकं काकांनी बुजवली नाहीत. "राहू देत. मला दिसू देत."

आता मला फक्त पावलं दिसतात. काकूंचे गुडघे दुखतात, तरी रोज सकाळी त्या माझ्यासमोर खाली बसतात आणि तपासणीचं बटण दाबतात. मी जिवाच्या आकांताने ओरडतो. "छान आवाज आहे तुझा," म्हणत त्या ओट्याला धरून उठतात. एक दिवस तरी त्यांनी मला बोल लावावा, असं वाटतं.

तुमच्याकडे माझा कुणी भाऊबंद असेल, तर तो कुठे बसवलाय ते आजच बघा. तो आपणहून सांगणार नाही. मी नव्हतं सांगितलं.