इनासची जाड तार

रविकांतला बातमी सांगायची कोणी, यावर माझ्या पडवीत अर्धा तास वाद चालला होता.

बातमी सकाळीच मोबाईलवर आली होती. ‘रानगवे’ कुडाळला येणार नाहीत. दहा जानेवारीचा त्यांचा कार्यक्रम पुढे ढकलला आहे आणि नवी तारीख नंतर कळवण्यात येईल.

रानगवे म्हणजे आता सत्तरी ओलांडलेले चार म्हातारे. पन्नास वर्षांपूर्वी मुंबईच्या एका कॉलेजात या चौघांनी केस वाढवले, गिटारी घेतल्या आणि मराठीत रॉक गाणी म्हणायला सुरुवात केली. ती ते अजून म्हणतात. चौघांपैकी इनास आपल्या वेंगुर्ल्याकडचा. तो जाड तारांची गिटार वाजवतो, तिला बेस म्हणतात. इनासमुळे आमच्या किनाऱ्यावर रानगव्यांचे पुष्कळ चाहते झाले. पडवीत वाद घालणारे दोघे त्यातलेच. मंगेश गावोगावच्या जत्रांना आणि लग्नांना मंडप आणि साउंड पुरवतो. किशोरी बंदरावर खानावळ चालवते, आणि तिच्या जिभेला खानावळीच्या तिखटापेक्षा धार जास्त आहे.

मंगेशने निरोप पुन्हा मोठ्याने वाचला. ‘इनासच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली आहे. डॉक्टरांनी सहा महिने विश्रांती सांगितली आहे. त्याच्या जागी दुसरा वादक घेऊन दौरा करा, असं बरेच जण सुचवतात. आम्ही चौघे एकत्रच वाजवतो. तुमची माफी मागतो.’

“सहा महिन्यांनी म्हणजे भर पाऊस,” मंगेश म्हणाला. “कुडाळच्या मैदानात तेव्हा काय करतले? भात लावतले?”

“तुजा काय जाता? तू चिखलात पण खांब पुरतंस,” किशोरी म्हणाली. “मुंबयच्या लोकांनी खाली काय काय लिवलाहा ता वाच. आमका फसवलास, आमची रजा फुकट गेली, दुसरो पोरगो घेवा नि वाजवा. आंगणेवाडीच्या जत्रेक येतत तेव्हा भराडीदेवीक इचारतत काय, तारीख आधी कित्याक नाय सांगलंस म्हणान?”

तिचं म्हणणं खरं होतं. मसुऱ्याजवळच्या त्या जत्रेची तारीख कुठल्याच पंचांगात नसते. देवीचा कौल लागला की तारीख ठरते आणि मग लाखो माणसं आपापली कामं तिच्याभोवती बसवतात. थांबण्याची आम्हाला सवय आहे.

“आपण थांबू गो,” मंगेश म्हणाला. “पण रविदादाचा काय?”

मग दोघेही माझ्याकडे बघायला लागले.

रविकांत माझा शेजारी. आता अडुसष्ट वर्षांचा आहे. खडकात अडकलेली जाळी आणि नांगर पाण्यात बुडी मारून सोडवायचे, हे काम त्याने चाळीस वर्षं केलं. समुद्राने त्याला पोटापुरतं दिलं आणि कान नेले. डावा पूर्ण बंद आहे. उजव्यात तोंड घालून ओरडलं तर थोडं पोचतं. मागच्या महिन्यात मीच त्याला कुडाळच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले होते. ते म्हणाले, “पडदे गेलेत. आतली बारीक हाडं झिजलीत. नस चांगली आहे, पण काय उपयोग? यांच्या छातीला भूल झेपणार नाही, म्हणून शस्त्रक्रिया नाही आणि कान वाहतोय, म्हणून यंत्रही घालता येणार नाही. पावसाळ्यापर्यंत उजवाही बंद होईल.”

तीस वर्षं मी मुलांना विज्ञान शिकवलं. तरी डॉक्टरांचं ते मधलं वाक्य मी ऐकलं आणि औषधांबरोबर पिशवीत टाकून घरी आणलं. तिथेच ते राहिलं.

रविकांतने रानगव्यांना प्रत्यक्ष कधीच ऐकलं नव्हतं. तरुणपणी एका मोठ्या बोटीवर त्याला त्यांची कॅसेट मिळाली, ती फीत झिजेपर्यंत त्याने वाजवली. रानगवे पूर्वी एकदाच कुडाळला आले होते, त्या दिवशी तो आचऱ्याच्या समोर पाण्याखाली कुणाचंतरी जाळं कापत होता. “कॅसेट म्हणजे सुको बांगडो, बाईनू,” तो मला म्हणायचा. “एकदा ताजो खावचो आसा.” दहा जानेवारीसाठी त्याने शर्ट इस्त्री करून ठेवला होता.

आम्ही बोलत होतो तेवढ्यात तो आलाच. बरोबर त्याची नात तन्वी होती. तन्वी दहा वर्षांची आहे आणि आजोबांसाठी पाटी घेऊनच फिरते. तिघांच्या चेहऱ्यांवरून त्याला काहीतरी कळलं असावं. तो खांबाला टेकून उभा राहिला. मी तन्वीला मोबाईल दिला. तिने निरोप पाटीवर सावकाश उतरवला, माफीसकट, आणि पाटी त्याच्यापुढे धरली.

त्याने तो दोनदा वाचला.

“दुसऱ्याक घेवक नाय ना?” त्याने विचारलं.

आम्ही माना हलवल्या.

“मगे बरा केल्यानी. जाळ्याची खालची शिसां काढलास तर जाळा वरच तरंगात. मासो खालसून जाय.” त्याने पाटी पदराने पुसावी तशी शर्टाच्या बाहीने पुसली आणि तन्वीला परत दिली. “बरो होऊंदे तो.”

एवढं बोलून तो गेला. त्याच्या चपला माझ्या पायरीवरच राहिल्या. किशोरीने त्या उचलल्या आणि त्याच्या दारात नेऊन ठेवल्या.

त्या आठवड्यात संध्याकाळी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना मी आवाजाचा धडा शिकवला. माझ्याकडे शाळेतला जुना नादकाटा आहे. नादकाटा म्हणजे खाली दांडी असलेला लोखंडी चिमटा. रबरी चपलेवर आपटला की तो बारीक थरथरतो आणि गातो. थरथरता काटा पाण्याला लावला की पाणी उडतं, तांदळाच्या दाण्याला लावला की दाणा पळतो. आवाज म्हणजे थरथर, हे मुलांना सांगावं लागत नाही. ती काटा हातात धरतात आणि त्यांना ते समजतं.

रविकांत तन्वीला न्यायला आला होता आणि पायरीवर बसून मुलांची गंमत बघत होता. तन्वीने काटा चपलेवर आपटला, इकडे तिकडे पाहिलं आणि खोडी म्हणून त्याची दांडी आजोबांच्या हनुवटीवर टेकवली.

रविकांतने तिचं मनगट पकडलं. मला वाटलं, तो रागावला.

“परत,” तो म्हणाला.

तिने परत टेकवली.

“परत.”

सगळी मुलं भोवती गोळा झाली. रविकांतचे डोळे मिटलेले होते. “ह्या कानासून नाय इला,” तो हळू म्हणाला. “आतसून इला.”

आणि मला पिशवीतलं ते वाक्य आठवलं. नस चांगली आहे. म्हणजे दार बुजलं होतं, पण घरात माणूस जागा होता. दोन वर्षं आम्ही सगळे त्या बुजलेल्या दारावर ओरडत होतो.

मी काटा त्याच्या कानाजवळ हवेत धरला. त्याने मान हलवली, काही नाही. मग तोच काटा कानामागच्या हाडावर टेकवला. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहून सगळ्यात धाकटी पूजा तोंडावर हात ठेवून उभी राहिली.

मुलांना उत्तर सांगण्यापेक्षा प्रश्न द्यावा, ही माझी जुनी सवय. मी पाटीवर लिहिलं, ‘रवी, पाण्यातले मासे तुझे वडील कशाने ऐकायचे?’

हे मला त्यानेच सांगितलेलं होतं. पूर्वी एकदा मी त्याला वर्गात बोलावलं होतं, समुद्राविषयी बोलायला. घोळ मासा पाण्यात घुमतो. थवा असला की ढोल वाजल्यासारखं होतं, पण ते वर हवेत येत नाही. म्हणून त्याचे वडील होडी थांबवायचे, वल्ह्याचं पातं खाली पाण्यात सोडायचे आणि दांड्याला कान लावून बसायचे. पाण्यातला घुमार लाकडातून वर चढायचा.

रविकांतने पाटी वाचली. मग तो माझ्याकडे नाही, समुद्राकडे बघायला लागला.

“बापूस कान लावी,” तो म्हणाला. “माका कान नाय. दातात धरलंय तर?”

दहा जानेवारीला दुपारपासूनच रविकांतच्या अंगणात माणसं जमायला लागली. कुडाळला जायचं नव्हतं, पण रजा टाकलेल्याच होत्या. मसुऱ्याहून पाच-सहा जण आले. नांदगावहून मितेश आला, तो स्टेशनाबाहेर रिक्षा चालवतो. चाळीसेक माणसं झाली. मंगेशने टेम्पोतून पुरुषभर उंचीचा बेस स्पीकरचा खोका उतरवला आणि सुरूच्या झाडांखाली समुद्राकडे तोंड करून ठेवला. रविकांत इस्त्रीचा शर्ट घालून आला. त्याच्या खांद्यावर वडिलांचं वल्हं होतं.

“नवरदेव इलो,” किशोरी म्हणाली. “वऱ्हाडी म्हणान वल्हा घेवन इलो.”

त्याने खुर्ची ओढून घेतली. पातं खोक्याच्या लाकडावर टेकवलं, दांड्याचं टोक दातांत धरलं आणि दोन्ही हातांनी पेललं. मी मंगेशला बजावलं होतं की आवाज अगदी लहान ठेवून सुरुवात कर. त्याने रानगव्यांचं सगळ्यात जुनं गाणं लावलं आणि हळूहळू वाढवत नेलं. सूर्य समुद्राच्या दोन हात वर होता.

रविकांत हलला नाही. त्याने एक बोट दांड्यावरून उचललं आणि ते बोट चालायला लागलं. ते गायकाबरोबर नव्हतं, ढोलाबरोबरही नव्हतं. आम्हाला ऐकू येत नव्हतं अशा कशाबरोबर तरी ते चढत होतं, थांबत होतं, उतरत होतं. त्याच्या गालांवरून पाणी ओघळून दांड्यावर येत होतं, ते त्याने पुसलं नाही.

गाणं संपलं. त्याने वल्हं तोंडातून काढलं.

“गाण्याच्या खालसून एक माणूस चलता,” तो म्हणाला. “सगळ्यांका खांद्यार घेवन चलता. कॅसेटीत तो धुक्यातल्या होडीसारखो होतो. आसा म्हणान म्हायत होता. दिसलो आज.”

“इनास,” मंगेश म्हणाला. रविकांतने त्याचे ओठ वाचले आणि मान डोलावली.

“माका बघू,” किशोरी म्हणाली. तिने दांड्याचं टोक पदराने खसाखसा पुसलं, “आधीच म्हाताऱ्याची लाळ,” असं पुटपुटली आणि दातांत धरलं. मंगेशने तेच गाणं पुन्हा लावलं. किशोरीचे डोळे मोठे झाले आणि तसेच राहिले. गाणं संपेपर्यंत तिने वल्हं सोडलं नाही. सोडल्यावर ती नुसतीच बाजूला जाऊन वाळूत बसली.

मग रांग लागली. चाळीस वर्षं ही गाणी तोंडपाठ असलेली माणसं, धडधाकट कानांची, एकेक करून ते लाकूड दातांत धरत होती आणि परतताना पाय जपून टाकत होती. मितेशने रांगेत शिरतानाच चपला काढून ठेवल्या होत्या, देवळात शिरताना काढतात तशा. मीही धरलं. तो आवाज कुठल्याच बाजूने आला नाही. तो माझ्या कवटीत आधीपासूनच होता आणि आता उठून बसला होता, असं वाटलं. खोल, संथ, न थकता. आमच्या वेंगुर्ल्याचा एक आजारी म्हातारा, तरुण असताना, माझ्या हाडांमध्ये चालत होता.

तन्वी माझ्याजवळ आली. “बाई, ही हाडांतली वाट सगळ्यांच्या आत असते?”

“असते.”

“मग आपल्याला रोज का नाही कळत?”

मला माहीत नाही, असं मी तिला सांगितलं आणि आपण दोघी शोधू म्हटलं. तिने ते पाटीवर लिहून ठेवलं.

शेवटी मंगेश मोबाईल पुढे धरून म्हणाला, “दादा, रानगव्यांका निरोप पाठवूया. बोल.” तन्वीने लिहून दाखवलं. रविकांत उभा राहिला, शर्ट ओढून सारखा केला आणि बहिरी माणसं बोलतात तसा सगळ्या किनाऱ्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने बोलला.

“इनासा, मी रविकांत. तू माका वळखूचंस नाय. तू घाई करू नको. सहा म्हयने घे, वरीस घे. माजो कान पावसात बंद होतलो, तेची तू काळजी करू नको. माजे दात शाबूत आसत.”

“खालचे दोन हलतत,” किशोरी वाळूतून म्हणाली.

“पुढच्या रांगेत दोन जागा ठेव,” रविकांत पुढे म्हणाला. त्याला तिचं ऐकू गेलं नव्हतं. “एक माका, एक वल्ह्याक.”

मंगेशने निरोप पाठवला. सूर्य अजून समुद्राच्या वीतभर वर होता. रविकांत खुर्चीत बसला, वल्हं परत दातांत धरलं आणि मंगेशला बोटाने खूण केली, पुन्हा पहिल्यापासून.