आईचा मेकअप

"नाही हो, कपाळ असं नव्हतं."

मेकअपवाल्या बाईंनी ब्रश आपटलाच. आईचं काम करणाऱ्या नव्या नटीचा चेहरा पुसायची ही सकाळपासूनची तिसरी खेप. "साहेब, फोटो नाही म्हणता, हेही नको, तेही नको. मी काय हवेतून काढू तुमची आई?"

साहेबांनी डोळे मिटले. आई लगेच दिसली. रुंद कपाळ, हनुवटीला खळी, डाव्या भुवईत तीळ. ते सांगत गेले, बाई रंगवत गेल्या आणि मागे सरून हसल्याच.

"अहो, ही तर तुमच्या पहिल्या सिनेमातली आई झाली! त्या नटीच्या भुवईत जखमेचा व्रण होता. तो झाकायला हा तीळ मीच काढायचे की!"

घ्या! साहेबांच्या पायांखालची जमीनच सरकली. सहा वर्षांचे असताना ते बहिणीचं बोट धरून सरहद्द ओलांडून आले आणि आई पलीकडेच राहिली. पुढे पहिल्या सिनेमात त्यांनी एका नटीला आई केलं आणि महिनोन्महिने एडिटिंगच्या खोलीत तोच चेहरा पुढे-मागे करत बसले. सिनेमानं नाव दिलं, मानमरातब दिला. पण खरा चेहरा त्यांनी आपल्याच हातानं पुसून टाकला होता, आणि इतक्या वर्षांत त्याचा पत्ताही लागला नव्हता.

शूटिंग बंद ठेवून ते तडक ताईकडे गेले. आई सुटली तेव्हा ती अकराची होती, तिला नक्की आठवत असणार. नाहीतर विचारायचं कुणाला? निर्वासितांच्या छावणीतली माणसं कुठल्या कुठे पांगली होती. मन मोकळं करावं अशी बायकोही त्यांच्या सिनेमाच्या वेडाला कंटाळून केव्हाच निघून गेली होती.

ताई मशिनवर उशीचा अभ्रा शिवत होती. "कोण, गप्प्या? वाट चुकलास वाटतं!"

छावणीत वर्षभर त्यांच्या तोंडून शब्द फुटला नव्हता, तेव्हाचं हे नाव. त्या नावानं हाक मारणारी आता ती एकटीच उरली होती.

"ताई, आई दिसायला कशी होती गं?"

मशिन थांबलं. ताईचा चेहरा उजळला. "वेडा की काय तू! हे एवढं कपाळ. हनुवटीला खळी. आणि इथं, भुवईत, तीळ. सिनेमात किती हुबेहूब दाखवलीस रे! करमेनासं झालं की मी तोच लावून बसते. आई भेटल्यासारखं वाटतं बघ."

साहेबांना वाटलं, सांगून टाकावं, ताई, तो तीळ रंगाचा आहे गं. आपली आई आता कुणाकडेच उरली नाही. हे दुःख सांगावं असं दुसरं माणूस त्यांना जगात नव्हतं, आणि नेमकं हिलाच ते सांगता येत नव्हतं.

"तशीच होती ना रे?" ताईनं विचारलं.

"अगदी तशीच," साहेब म्हणाले.

ताई समाधानानं पुन्हा शिवायला लागली. ते तिच्यासमोर बसून राहिले, आज खरेखुरे पोरके झालेले.