एका कानाचा काश्पारेक

"क्वेतुशे! अगं ए क्वेतुशे! माझ्या कोंबडीला ढेकूळ कुणी हाणलं?"

"म्या हाणलं! आन् नेम चुकला म्हणून जीव जळतोय माझा! सांग तुझ्या त्या महाराणीला, कोबी माझा हाय, तुझ्या बापानं लावलेला न्हवं!"

ल्होत्का गावात दिवस असा उजाडायचा. कुंपणाच्या अल्याड क्वेतुशे, पल्याड लुडविक, मधे निम्म्या कुजलेल्या फळ्या. बटाटे काढून उघडी पडलेली काळी माती, तिच्यावरनं धुकं उठतंय, आणि हे दोघं चालू! गाव म्हणायचं, ह्यांचं भांडण थांबलं तर कोंबडे आरवायचं विसरतील. पण खरी गोष्ट निराळीच होती. दिवसभरात माणसाशी बोलायला क्वेतुशेला एवढंच मिळायचं. भांडण आटपलं की आत जायचं, दार लोटायचं. मग ती आणि घर. आणि घर काही उलटून बोलत नाही.

त्या दिवशी मात्र लुडविकची जीभ जरा जास्तच सुटली.

"माझ्या एका कोंबडीचं काय घेऊन बसलीस! तू तर आख्ख्या गावाचा काश्पारेक जमिनीत पुरलास!"

क्वेतुशेनं बादली उचलली आणि ती घरात गेली. लुडविक बघतच राहिला. ती न बोलता गेली, असं कधी झालंच नव्हतं.

काश्पारेक म्हणजे दोऱ्यांच्या बाहुल्यांमधला विदूषक. लाल टोपी, शेंड्याला घुंगरू. खेळ राजाचा असो, सैतानाचा असो, हा मधे तोंड घालणारच! त्याचा आवाज होता वेंदेलीन, क्वेतुशेचा नवरा. आणि हात होते क्वेतुशेचे. पडद्यामागं उंच फळीवर ती दोऱ्यांची दांडी धरून उभी राहायची, शेजारी तो बोलायचा, आणि खाली तो लाकडाचा जीव नाचायचा. उभा संसार दोघांनी असा केला. मागच्या हिवाळ्यात वेंदेलीन गेला, आणि शवपेटीला झाकण लागायच्या आत क्वेतुशेनं काश्पारेक त्याच्या कुशीत ठेवून दिला. बाहुली गावाची होती, पणज्याच्या काळातली. लोक चिडले, तर म्हणाली, "त्याला तिथं कुणी बोलायला नको व्हय?" पण माफ कुणी केलं नाही.

त्याच दुपारी सरपंचीण रादका आली. रबरी बूट चिखलानं भरलेले, हातात मोबाइल.

"काकू, जत्रा तोंडावर आली. औंदा खेळ झाला न्हाई तर आग विझवणारे बाहुल्यांच्या खेळाची खोली मागत्यात, बंब ठेवायला. रंगमंच तात्पुरता उचलू म्हणत्यात."

"मग उचला की."

"एकदा उचललेलं कोण परत मांडतंय, काकू? तुम्हीच सांगा. आन् पोरं मला इचारत्यात, काश्पारेक कुठं गेला. मी काय सांगू त्यांना?"

क्वेतुशेनं चुलीवरचं भांडं उतरवलं. मग म्हणाली, "माळ्यावर लाकूड हाय."

ते लिंडन झाडाचं मऊ लाकूड वेंदेलीननंच तोडून वाळत टाकलेलं. भर थंडीत तोडलेलं, झाडाचा रस झोपलेला असताना. बाहुल्या कोरायचा तो. कपडे शिवणं आणि दोऱ्या बांधणं हे हिचं. पण जन्मभर शेजारी बसून बघितलेलं कुठं वाया जातं? पटाशी हातात घेतली आणि हळूहळू त्या ठोकळ्यातनं कपाळ निघालं, नाक निघालं, हनुवटी निघाली. उजवा कान झाला. डावा अजून ओबडधोबड होता.

ह्या कामाचा एक नियम होता. डोळे सगळ्यात शेवटी. वेंदेलीन म्हणायचा, "डोळे आले की ते आपल्याकडं बघाय लागतंय. मग त्याच्यावर पटाशी चालवायला कसायाचं काळीज लागतं."

क्वेतुशेला हे ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं! पण त्या संध्याकाळी ती सूपची वाटी घेऊन बसली, समोर ते आंधळं डोकं, आणि घर असं खायला उठलं की तिनं चमचा ठेवला, कुंचला घेतला आणि डोळे रंगवून टाकले. कुणीतरी बघावं आपल्याकडं, बाकी काही नाही. सूप तिनं संपवलं. बऱ्याच दिवसांनी संपवलं.

सकाळी पटाशी डाव्या कानाला लावली, आणि ते बघायला लागलं. तिचा हात खाली आला.

"ऱ्हाऊ दे बाबा," ती म्हणाली. "टोपी हाय वर. कुणाला दिसतंय?"

सरावाला गेली तर फळीवर लुडविक!

"तू?"

"सरपंचीण म्हणाली, गावात एवढं मोठ्यांदा वरडणारा दुसरा कोण हाय."

"वरडायचं न्हाई, बोलायचं हाय."

"तू दोऱ्या वढ गं." आणि त्यानं काश्पारेकचं पहिलं वाक्य ठोकलं, "आलो रे पोरांनो! माझ्याबिगर जेवलात व्हय?"

काश्पारेक लटकत राहिला. वाक्य संपल्यावर मग त्यानं उडी मारली. पुन्हा केलं, पुन्हा तेच. लुडविक कपाळ पुसत म्हणाला, "आधी गडगडाट आन् मागनं वीज! असलं आभाळ म्या जन्मात बघितलं न्हाई."

घरी बटाटे सोलताना तिच्या ध्यानात आलं. खोकला! प्रत्येक वाक्याआधी वेंदेलीन घसा साफ करायचा. ख्हं. तंबाखूची सवय. त्या खोकल्याला तिचा हात उठायचा, शब्दाला नाही. जन्मभर तिला पत्ताच नव्हता. आता हे सांगायचं कुणाला? मेलेल्या नवऱ्याचा खोकला आणून द्या म्हणून? तिनं स्वतः खोकून बघितलं. हात हलला नाही. आपल्याच हातानं आपल्याला गुदगुल्या होत नाहीत, तसंच ते. तिनं पुढचा बटाटा उचलला.

जत्रेचा दिवस उजाडला. बदकं भाजल्याचा वास, खसखशीच्या गोड पोळ्या, वाद्यं, आणि खोलीत पोरांची ही गर्दी! मागं बंबवाले हाताची घडी घालून उभे. पडदा सरकला. लुडविक गरजला, "आलो रे पोरांनो!"

काश्पारेक लटकलेला.

लुडविकनं वाक्य पुन्हा म्हटलं. घुंगरूसुद्धा वाजलं नाही. पुढच्या रांगेतल्या एका पोरीनं विचारलं, "आई, मेला का गं तो?"

क्वेतुशेनं दांडी आणखी घट्ट धरली. संपलं, तिला वाटलं. आता बंब येणार.

तेवढ्यात शेजारच्या अंधारातनं आलं, "ख्हं."

हात उठला! टाच आपटली, टोपी मागं सरकली, घुंगरू खणखणलं, आणि पोरांनी खोली डोक्यावर घेतली. टोपीखालचा एकच कान बघून तर ती लोळायला लागली. प्रत्येक वाक्याआधी ख्हं, आणि प्रत्येक ख्हंला हात. क्वेतुशेनं मान वळवली नाही. वळवली असती तर लुडविक दिसला असता.

खेळानंतर दोऱ्या गुंडाळताना तिनं खाली बघूनच विचारलं, "तुला कसं कळलं?"

"आमची पोरपणापासनं पुढची रांग. वेंदेलीन खोकला की आम्ही हसाय लागायचो. काश्पारेक मागनं बोलायचा."

"मग सरावाला का न्हाई खोकलास, मुडद्या?"

लुडविक टोपी फिरवत उभा राहिला. "त्याची जागा हाय ती, क्वेतुशे. न इचारता कसं बसायचं?"

बंबवाल्यांनी पुढच्या वर्षापर्यंत खोली सोडली. क्वेतुशे काश्पारेकला घेऊन घरी आली आणि चुलीजवळच्या खिळ्याला त्याला टांगलं, तोंड टेबलाकडं करून.

सकाळी ती कोबीत वाकली होती. धुकं इतकं की कुंपणसुद्धा दिसेना. आणि पलीकडनं आवाज आला, "ख्हं."

तिचा हात आपोआप वर गेला, मातीनं माखलेला, रिकामा. तसाच क्षणभर हवेत राहिला.

"क्वेतुशे! माझी तांबडी कोंबडी तिकडं आली का गं?"

तिनं हात खाली घेतला. नाक पुसलं. मग वाकून चांगलं जाडजूड ढेकूळ उचललं.

"आली तर काय पाट मांडू तिला?"