दोब्रिनचा हसरा फोटो

पासवर्ड टाकला की टिंबं गोल फिरायची, फिरता फिरता थिजायची. मग पडदाही मुका. कालपर्यंत लॅपटॉप धड होता. संध्याकाळी मी कोंबड्या कोंडायला गेले, तेवढा वेळ त्याच्यापाशी एकटी कोण होती? वेलिका. माझी नणंद.

दोब्रिनला, माझ्या नवऱ्याला, जाऊन उद्या सहा महिने. आमच्या रीतीप्रमाणे गेलेल्याच्या आठवणीचा कागद फाटकावर लागायलाच हवा, आणि त्यावरचा फोटो या डब्यात अडकलेला. दुसरीकडे कुठेच नाही. फुललेल्या प्लमच्या झाडाखाली, काखेत बॅगपाइप, तोंडभर हसणारा दोब्रिन. वेलिकाला तो नकोच होता. तिला हवा लष्करातला, मिटल्या ओठांचा.

ती समोरच भाजलेल्या मिरच्या सोलत बसली होती.

"नाही ना उघडत, स्ताना?" आवाजात मध जरा जास्तच.

"तुम्हांलाच ठाऊक, वन्सं."

फोनवर माझी लेक याना होती, प्लोव्दिवहून. "आई, माऊस, प्रिंटर, सगळं काढ. बटण दाबून धर, बंद होईपर्यंत. परत चालू कर. पुन्हा तसंच."

तिसऱ्या खेपेला निळा पडदा आला.

"काल अपडेट चालू असताना कुणी बंद केला होता का?" यानाने विचारलं.

बॅटरी कधीचीच मेलेली. वायर निघाली की संपलं. मी वेलिकाकडे पाहिलं. तिची सुरी थांबली.

"मीच ओढली वायर. वीज कडाडत होती. फ्रिजची काढली, टीव्हीची काढली, ह्याची तेवढी ठेवू? जळला असता म्हणजे?"

"बंद करू नका असं पडद्यावर लिहिलेलं होतं!"

"चष्मा नव्हता."

चष्मा आत्ताही तिच्या गळ्यात लोंबत होता.

"भांडा नंतर!" याना ओरडली. "'शेवटचं अपडेट काढून टाका' असं दिसेल, त्यावर दाब."

मिरच्या संपल्या तरी ते चाललंच होतं. मग पासवर्ड घेतला, टिंबं फिरली, फिरतच राहिली, आणि दोब्रिन उजाडला, पडदाभर, पांढऱ्या फुलांत.

वेलिकाने नाक ओढलं. "केवढे ते दात," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कागद लावून मी घरात वळते न वळते, तोच फाटकाशी सळसळ. धावले. वेलिका कागदावर हात ठेवून उभी.

"वन्सं!"

"ओरडतेस काय? कोपरा सुटला होता. चिकटवतेय."

तिच्या बोटांना खळ होती, खरं. कोपरा चिकटला, हेही खरं. पण दुसऱ्या हाताचा अंगठा फोटोतल्या दोब्रिनच्या दातांवर होता, आणि मी तिथून हलेपर्यंत तिने तो काढला नाही.