उंचवट्यापलीकडचा ट्रक

आठवडाभर विस्कॉन्सिनच्या खेड्यांतून शाळेची पिवळी बस हाकणारा ऑरिन टेबेट्स सुट्टीत जुन्या माझ्दा गाडीत बसून शर्यती करतो, हे बसमधल्या पोरांना सांगूनही पटलं नसतं. हातात अजून शर्यतीचं नवशिक्याचं लायसन्स होतं. रविवारची शर्यत ट्रॅक सोडून गवतात न घुसता पार पडली की पक्कं मिळणार होतं. घुसला, की पुन्हा पहिल्यापासून. आणि ट्रॅक नेमका जन्मात न पाहिलेला.

बाकीची वळणं शनिवारी सकाळच्या सरावातच ओळखीची झाली. घोडं अडलं पाचव्या वळणावर. तिथे रस्ता उंचवट्यावर चढतो आणि पुढे नुसतं आभाळ दिसतं. रस्ता डावीकडे वळतो खरा, पण तो दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. मग बाकीचे कशाच्या भरवशावर वळतात? ऑरिनला काही चैन पडेना. हातातला हॉटडॉग तसाच घेऊन तो तंबूतंबूतून विचारत फिरला.

"पोट उसळलं की वळ," एक म्हणाला.

"मी तर बाबा डोळे मिटतो," दुसरा म्हणाला.

शेजारच्या तंबूत रोझलिन प्रुइट होती, वीस वर्षं शर्यतीत मुरलेली. "सगळं मीच सांगितलं तर तुझी मजा काय राहील रे?" म्हणत तिने बॉनेटखाली डोकं खुपसलं.

दुपारच्या सरावात ऑरिनला उत्तर सापडलं. उंचवट्यापलीकडे, बंद पडलेल्या गाड्या ओढून आणणारा पांढरा ट्रक उभा होता. चढताना त्याचं टप उंचवट्यावरून डोकावायचं. टपाकडे गाडीचं नाक धरलं की चाकं बरोबर रस्त्यावर उतरायची. पठ्ठ्या भलताच खूश झाला.

संध्याकाळी ट्रॅक रिकामा झाला की सगळे पायी फेरी मारतात. ऑरिन मात्र खुर्चीत पसरला. त्याची थोरली बहीण ग्लेंडा टायर तपासत होती. तीच त्याची मेकॅनिक.

"बसमध्ये बसून बसून पाय विसरलास का? ऊठ!"

पाचव्या वळणावर तो गाडीतल्या सीटइतका खाली, उकिडवा बसला. टप दिसलं. बघता बघता ते हललं आणि चालू लागलं.

"ताई, ट्रक कुठे निघाला?"

"जेवायला! ट्रकवाल्याला घरदार नाही का?"

"उद्या तो इथेच उभा राहील ना?"

ग्लेंडाने कपाळावर हात मारला. "चाकं असलेली खूण धरलीस? अरे, रस्त्यात उभ्या गाईवरून बसचा स्टॉप ठरवतोस का तू?"

ऑरिन सरळ पालथाच पडला आणि शोधू लागला. उंचवट्याच्या अलीकडे डांबराचं एक ठिगळ होतं. ते संपतं तिथून वळलं तर रस्ता सापडत होता. त्याने ते चालून, ओणवून, झोपून पाहिलं.

रविवारी सराव नव्हता, सकाळी सरळ शर्यतच. ट्रक कालच्या जागेपासून चांगला वीस पावलं उजवीकडे उभा होता. पहिल्याच फेरीत ऑरिनचे डोळे आणि हात तिकडेच ओढ घ्यायला लागले. त्याने नजर ठिगळावर खिळवली आणि ते संपताच, समोर नुसतं आभाळ असतानाच, स्टिअरिंग वळवलं. खाली रस्ता आला. जीव भांड्यात पडला. पुढच्या फेरीला उजवीकडे गवतात एक लाल गाडी रुतलेली दिसली.

एकोणिसावा आला, पण लायसन्स पक्कं झालं. ते मिरवायला तो शेजारी गेला, तर रोझलिन त्याच लाल गाडीखालून मूठमूठ गवत उपसत होती.

"काय झालं हो?"

तिने इकडेतिकडे पाहून आवाज खाली आणला. "तो मेला ट्रक. जागेवर नव्हता."

"तुम्हीसुद्धा ट्रकच धरलात? वीस वर्षं..."

"वीस वर्षं शर्यतींची. या ट्रॅकवर मीही कालच पाय ठेवला. पण विचारू कुणाला? लाज वाटली. तू बरा, दारोदार फिरलास."

ऑरिनला हसू आलं आणि वाईटही वाटलं. मिरवायचं तो विसरूनच गेला.

"संध्याकाळी चला, दाखवतो," तो म्हणाला. "पण पालथं पडावं लागेल."

रोझलिनने हातातलं गवत खाली टाकलं. "कुणी बघत नसेल तेव्हा जाऊ," ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "बघेनात का."