कोणी दाबणार नाही

त्या नखाएवढ्या त्रिकोणावर शंभूरावांचा अंगठा अधांतरी थांबला होता — टेकत नव्हता, दूरही जात नव्हता. फोनच्या तळाशी डावीकडे तोंड केलेला करडा त्रिकोण… जिन्याखाली स्कूटरची किल्ली हातात घेऊन उभ्या असलेल्या रजनीची नजर तिथून हलेना.

“इथंच दाबलं बघ. हिची जन्मतारीख चुकली होती, अल्वा, नाही का? म्हणून एक पान मागं जायला दाबलं, तर सगळंच गेलं. चार वेळा!”

सरस्वतीपुरमच्या या घरात ती अकरा वर्षं वरच्या मजल्यावर भाड्यानं राहत होती, आणि खाली घरमालक शंभूराव आणि अंबाबाई. अंबाबाईंचा एक डोळा कधीच गेलेला. दुसऱ्यातला मोतीबिंदू काढायचा, तर इस्पितळात तारीख मिळे ती फक्त ॲपवरून. चौथ्यांदा ॲप बंद झालं ते फॉर्म पोचला म्हणूनच, असं समजून, भरलेल्या तारखेला, काल, दोघं रिक्षानं गेली. यादीत नाव नव्हतं. आता पुढची तारीख दीड महिन्यानं.

“माझं डोकंच चालत नाही आता. हिलाही सांगितलं — मलाच जमलं नाही म्हणून.”

“उशीर होतोय, काका,” रजनी म्हणाली, आणि निघाली.

रजनी कॉम्प्युटरचं काम करते एवढंच त्यांना ठाऊक होतं. ते ॲप तिनंच लिहिलं होतं.

सिग्नलला थांबल्यावर एप्रिलमधली ती दुपार पुन्हा आली — न बोलावता, सकाळपासून तिसऱ्यांदा… ओटीपी टाकून आत आलेला माणूस चुकून पुन्हा ओटीपीच्या पानावर जाऊ नये म्हणून तिनं मागची सगळी पानं काढून टाकली होती, आणि त्या साफसफाईत फोनच्या त्या बटणाला मागे न्यायला जागाच उरली नव्हती. बटण दाबलं की ॲप बंद, भरलेलं सगळं पुसलेलं. चाचणी करणाऱ्या नागरत्नानं विचारलंही होतं, फॉर्म भरताना कोणी मागे गेलं तर? आणि आपण — तेव्हा किती रात्री झोपलो नव्हतो, कोण जाणे — मान वर न करता म्हणालो, “कोणी दाबणार नाही. फॉर्मवर मागे जायचा बाण दिलाय की.” नागरत्नानं यादीतली ती ओळ खोडली. पेनचा तो आवाजसुद्धा आठवतो. की आता आपणच तो तयार करतोय?

ऑफिसात तिनं कोणाला न विचारता ते काम उघडलं. मागे गेलं की मागचं पान यावं, लिहिलेलं तसंच राहावं… चाळीसेक ओळी. जेवणाच्या सुट्टीआधी झालंसुद्धा, आणि ते इतकं लवकर झालं याचाच तिला शीण आला.

“छान,” किरणकुमार, तिचा वरिष्ठ, म्हणाला. “पुढच्या महिन्याच्या अपडेटमध्ये देऊ. तक्रार एकही नाही ना?”

एकही नाही. येणार कशी? ज्यांचं पुसलं गेलं त्यांनी स्वतःलाच दोष दिला असणार, आणि फोन बाजूला ठेवून दिला असणार. घरोघर, कोणाला न सांगता.

संध्याकाळी ती वर न जाता खालीच बसली. कॉफीचा पेला ठेवताना अंबाबाईंनी आधी बोटांनी टेबलाची कड चाचपली. रजनीनं पेला उचलला नाही.

“काका, चूक तुमची नव्हती. ते ॲप मी केलंय. मागे गेलं की सगळं पुसलं जातं, हे मला माहीत होतं.”

बाहेर सिटी बस गेली. खिडकीची काच थोडा वेळ थरथरत राहिली.

“गोत्तित्ता?” अंबाबाई हळू म्हणाल्या. “माहीत होतं तुला?”

“बिडु गं, सोड ते,” शंभूराव घाईनं म्हणाले, “दमून आलीय ती. दाबलं ते मीच, अल्वा? पी, रजनी, कॉफी निवते.”

अंबाबाईंचं तोंड रजनीच्या आवाजाच्या दिशेनं वळलं होतं, पण किंचित चुकून — तिच्या खांद्याशेजारच्या भिंतीकडे. शंभूराव किती मायेनं आपल्याला सोडवत होते… नुसतं गप्प राहिलं तरी पुरे होतं, आणि अंगात त्राण असं उरलंच नव्हतं. सांगून टाकलं की हलकं वाटेल, असं दिवसभर वाटत होतं; तसं काहीच वाटलं नाही. उलट काहीतरी जड येऊन आत बसलं, आणि नवल म्हणजे ते तिला ढकलून द्यावंसं वाटेना. ती खुर्चीतच थोडी सरकली, भिंतीच्या बाजूला, अंबाबाईंचं तोंड जिकडे होतं तिकडे; आणि त्यांचा तो प्रश्न अजून आपल्याकडेच पाहतोय याची पहिल्यांदाच तिला भीती वाटली नाही.